छोट्या टर्बो गाड्या आखणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

तुम्ही आखलेली गाडी वॉरंटी असेपर्यंत तुमच्या सर्व्हिस सेंटरची असते. त्यानंतर ती आमची होते. आम्ही म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या हातचे मालक, सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून बसणारे, टॉर्क रेंच विकत घेणारे आणि तो खरोखर वापरणारेही. तीन सिलिंडर, एक लिटरच्या आतबाहेरचं पेट्रोल इंजिन आणि त्याच्या अंगाला चिकटलेला मुठीएवढा टर्बो, म्हणजे निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. ही गाडी आम्ही घरी दुरुस्त करतो आणि थोडीफार बदलतोही. दोन्हींबद्दल तुमच्याशी मुद्दाम एकाच पत्रात बोलतो आहे, कारण तुमच्या दफ्तरी या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत: दुरुस्तीला नाइलाजाने परवानगी आणि बदलाला साफ मनाई. टर्बो गाडीत ही रेघ कुठे ओढायची, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. ती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचंच बघा. दाबावर चालणारी ती छोटी डबी, आत पडदा आणि स्प्रिंग, बाहेर रॉड. पडदा फाटला की वेस्टगेट वेळेवर उघडत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब, नको इतका चढतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) गाडीची ओढ काढून घेतो. डबी बदलणं ही कोणत्याही व्याख्येने दुरुस्तीच. पण नवी डबी बसवताना रॉड किती ताणून अडकवायचा हे ठरवावं लागतं. नट थोडा जास्त फिरवून रॉड आखूड केला की वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट वाढतो; सैल ठेवला की गाडी मलूल होते. म्हणजे निव्वळ दुरुस्ती करणारा माणूसही त्या क्षणी ट्यूनिंग करत असतो, त्याला कळो वा न कळो. हा ताण मोजायची रीत अवघड नाही. हातपंपाने डबीत दाब भरायचा आणि अमुक दाबाला रॉड अमुक मिलिमीटर सरकतो का ते डायल गेजवर बघायचं. टर्बो कारखान्यातून निघतो तो असाच लावून निघतो. म्हणजे हे दोन आकडे तुमच्यापाशी लिहून ठेवलेले आहेत. आमच्यापर्यंत ते येत नाहीत, म्हणून लोक जुन्या रॉडवर दिसणारे आटे मोजतात आणि नव्यावर तेवढेच ठेवतात. स्प्रिंग वेगळी असेल तर त्या मोजणीला काडीचाही अर्थ उरत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. आकडा दडवल्याने गाडी सुरक्षित राहत नाही, फक्त आकड्याच्या जागी अंदाज येतो. साध्या इंजिनाने असे अंदाज वर्षानुवर्षं पोटात घातले. टर्बोवर ती वेळ आणू नये.

टर्बो ही काही कालची करामत नाही. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांचं पेटंट १९०५ चं. पुढे हे यंत्र जहाजं, रेल्वेची इंजिनं आणि विमानं यांत रुळलं. विक्रीच्या मोटारींत ते आलं १९६२ मध्ये, शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाइल जेटफायर या दोन गाड्यांतून. जेटफायरची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, तरी काढतो. साडेतीन लिटरचं व्ही-आठ इंजिन, कॉम्प्रेशन १०.२५ ला १, त्यावर टर्बो. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकू लागणं, होऊ नये म्हणून इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जाई आणि त्याची बाटली मालकाने भरत राहायची. बाटली रिकामी झाली की गाडी स्वतःच बूस्ट रोखायची. कल्पना झकास होती. पण अनेक मालकांना बाटली भरायचं सुचत नसे आणि गाडीचा जोर का गेला हे त्यांना कळत नसे. शेवटी कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. म्हणजे टर्बो गाडीत नंतर केलेल्या पहिल्या मोठ्या बदलांपैकी एक खुद्द बनवणाऱ्यांनीच केला! यंत्राचं चालणं मालकाच्या हातात ठेवायचं तर त्या मालकाला यंत्राच्या आतलं सांगावं लागतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

छोट्या गाड्यांचा जमाना नंतर आला. १९८७ च्या डायहात्सू शरेड जीटीटीआयने ९९३ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांतून शंभरएक अश्वशक्ती काढून दाखवली. जपानच्या छोट्या 'केई' वर्गातल्या गाड्यांना १९९० पासून ६६० घनसेंटिमीटरची मर्यादा आहे, आणि तिथल्या कंपन्यांनी आपसांत ६४ अश्वशक्तीची कुंपणरेघ आखून घेतली. त्या पिढीच्या गाड्यांत बूस्टचा कारभार डोळ्यांना दिसत असे. कॉम्प्रेसरपासून, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूपासून, डबीपर्यंत एक रबरी नळी, डबीत स्प्रिंग, संपलं. लोक त्या नळीत गळतीचा व्हॉल्व्ह घालून डबीला फसवत आणि बूस्ट चढवत. पेट्रोल मात्र वाढवलेलं नसे, त्यामुळे मिश्रण पातळ पडे आणि पिस्टन वितळे. या उद्योगाचं समर्थन मी करणार नाही. पण जळालेला पिस्टन हातात घेऊन चूक कुठे झाली हे समजून घ्यायची सोय तरी होती.

आजची तुमची गाडी वेगळ्या डोक्याने चालते. पेडल दाबणं ही आता टॉर्कची मागणी असते. ईसीयू त्यावरून हवा ठरवतो, हवेवरून बूस्टचं लक्ष्य ठरवतो, मग वेस्टगेट, थ्रॉटल आणि ठिणगीची वेळ मिळून ते लक्ष्य गाठतात. मोजलेला दाब लक्ष्याच्या वर गेला की थ्रॉटल मिटतो. रचना उत्तम आहे, जुन्या फसवाफसवीला तिने लगाम घातला, याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. अडचण पुढे आहे. लक्ष्य किती होतं हे आम्हाला दिसत नाही. पी०२९९ हा कोड येतो, म्हणजे बूस्ट कमी पडला. फाटलेला होज, इंटरकूलरची (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची) गळती, वेस्टगेटची झडप अर्धवट अडकणं, सोलेनॉइडची (बूस्ट सांभाळणाऱ्या विजेच्या झडपेची) नळी निसटणं, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं विष कमी करणारा), झिजलेला टर्बो, या सगळ्यांना हा एकच कोड. साध्या स्कॅनरवर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचा प्रत्यक्ष दाब दिसतो, तोही निरपेक्ष, निर्वात शून्य धरून मोजलेला. म्हणजे समुद्रसपाटीजवळ १०० किलोपास्कल म्हणजे बूस्ट शून्य आणि २०० म्हणजे सुमारे १ बार. हे नवख्याला कुणी सांगत नाही आणि तो २०० बघून घाबरतो. पण मुख्य गोष्ट ही की १७० दिसले तर ते बरोबर की कमी? त्या क्षणी ईसीयूने १७० च मागितले असतील तर गाडी ठीक आहे. २१० मागितले असतील तर कुठेतरी हवा निसटते आहे. लक्ष्य आणि प्रत्यक्ष हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मं निदान तिथेच होतं. त्यातला एक तुम्ही झाकून ठेवता आणि मग चांगला टर्बो विनाकारण बदलला जातो.

हवेची गळती घरी शोधता येते, आणि आम्ही शोधतोही. टर्बोच्या तोंडाला बूच मारायचं, रेग्युलेटर लावून टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा अगदी हलक्या दाबाने सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. दाब सावकाश चढवायचा, कारण तो ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळकप्प्यात, शिरून ऑइल सील ढकलू शकतो. बहुतेक वेळा दोषी निघतो तो प्लॅस्टिकच्या पाइपाचा क्लिपवाला सांधा. जाता जाता, ते सांधे तुम्ही एकदा पुन्हा तपासा. तापणाऱ्या आणि कंप पावणाऱ्या जागी दाबाचा पाइप एका पातळ तारेच्या क्लिपवर आणि एका ओ-रिंगवर सोडणं हे कारखान्यातल्या जोडणीचे सेकंद वाचवण्यासाठी आहे हे मला समजतं, पण लोक तो पाइप काढून ॲल्युमिनियमचा बसवतात तेव्हा त्याला 'अनधिकृत बदल' म्हणताना थोडा विचार करा.

आता तेल. पत्रातला सगळ्यात लांब भाग हाच असणार, कारण टर्बो बहुतेक वेळा तेलापायीच मरतो.

छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या पुढचा धूर असतो, दुसऱ्या टोकाला बाहेरून ओढलेली हवा, आणि मध्ये तो शाफ्ट तेलाच्या बारीक थरावर तरंगत असतो. हे तेल एका अरुंद नळीतून येतं. ती नळी एक्झॉस्टच्या शेजारून जाते, इंजिन बंद झाल्यावर भाजत राहते आणि आत तेल करपून कोळसा धरतो. टर्बो गेला म्हणून मालक नवा बसवतो, नळी जुनीच ठेवतो, आणि नवाही थोड्याच दिवसांत जातो. काही इंजिनांत तर त्या नळीच्या बँजो बोल्टमध्ये, म्हणजे आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये, तुम्ही बारीक जाळी घातलेली असते. ती तुंबली की तेल थांबतं. ती जाळी आहे हे मालकाच्या पुस्तिकेत कुठे लिहिलेलं असतं? टायर बदलायची चित्रं त्या पुस्तिकेत पानंच्या पानं असतात.

तेल परत जायची वाट आणखी दुर्लक्षित. टर्बोतून बाहेर पडणारं तेल फेसाळलेलं असतं, त्यामागे दाब नसतो, ते केवळ स्वतःच्या वजनाने ऑइल पॅनकडे उतरतं. म्हणून परतीची नळी जाड हवी आणि ओळंब्यापासून साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त तिरकी नको, हा टर्बो बनवणाऱ्यांचा जुना नियम. त्या नळीच्या गास्केटला भरमसाट सिलिकॉन लावलं आणि ते आत फुगलं, तर तेल मधेच तुंबतं आणि पंख्याच्या बाजूने बाहेर येतं. निळा धूर सुरू होतो. लगेच निदान: टर्बोचं सील गेलं. पण टर्बोत रबरी सील नसतंच. पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर त्यांचं काम चालतं. ब्रीदरचा व्हॉल्व्ह तुंबून क्रँककेसमध्ये दाब साठला, की धडधाकट टर्बोही तेल ओकतो. स्वस्तातला व्हॉल्व्ह बदलायच्या ऐवजी मग महागडा टर्बो बदलला जातो, आणि धूर तसाच राहतो.

शाफ्टच्या प्लेचंही, म्हणजे तो किती ढिला हलतो त्याचंही, तेच. टर्बोचा पंखा बोटाने हलवून बघणारा प्रत्येक जण काहीतरी निकाल देतो. साध्या बेअरिंगच्या टर्बोत तेल नसताना शाफ्ट आडवा थोडा हलणारच, ती त्याची रचना आहे. पुढे-मागे मात्र तो जवळपास हलता कामा नये, तिथे हिशोब शतांश मिलिमीटरचा असतो. दोन्ही मर्यादा तुमच्या मॉडेलसाठी नेमक्या किती, हे डायल गेज लावून मोजता येईल असे दोन आकडे आहेत. ते छापायला किती जागा लागते?

त्यातून काही छोट्या इंजिनांत टायमिंगचा पट्टा तेलात भिजून चालतो. घर्षण कमी होतं, इंजिन शांत राहतं, कागदावर छान. पण चुकीचं तेल पडलं किंवा थंडगार इंजिनावर सतत छोटे फेरे होऊन पेट्रोल तेलात मिसळत राहिलं, तर पट्ट्याचं रबर सुटून त्याचा गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. उपासमार पहिल्यांदा कुणाची होणार? पंपापासून लांब, सगळ्यात वेगाने फिरणाऱ्या शाफ्टची. अशा इंजिनात टर्बो गेला तर ऑइल पॅन उतरवून जाळी बघितल्याशिवाय नवा टर्बो बसवणं म्हणजे पैसे जाळणं. ही सूचना टर्बोच्या खोक्यात कागदावर यायला हवी, आणि ऑइल प्रेशरचं गेज कुठे लावायचं, किती दाब दिसला पाहिजे, हेही त्याच कागदावर. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, त्यात पेट्रोल उतरतंय, हे सांगणारी एक ओळ मालकाच्या पुस्तिकेतही चालेल.

बदलांकडे येतो. तुमच्या मनातलं घरगुती ट्यूनिंगचं चित्र बहुधा मोठा सायलेन्सर आणि गिअर बदलताना फुसकारणारा व्हॉल्व्ह असंच असणार. तशी मंडळी आहेत. आत येणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सर असलेल्या गाडीत तो व्हॉल्व्ह बाहेरच्या हवेत सोडला की मोजलेली हवा निसटते, पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशोबाने पडतं, आणि प्रत्येक गिअरला इंजिन काळा धूर मारतं. आवाजासाठी एवढं सोसणाऱ्यांशी माझा वाद नाही, पण त्यांच्या वतीने मी लिहीत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकणाऱ्यांच्या वतीने तर मुळीच नाही. जे दुसऱ्याच्या छातीत जातं ते मालकाच्या हौसेचा विषय नाही.

मी ज्या बदलांबद्दल बोलतो ते उष्णतेचे आहेत. २७ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर आदर्श गणितातही ती ९३ अंशांपर्यंत तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १२० च्या पुढे. ती हवा थंड करायला तुम्ही इंटरकूलर दिलात, पण कारच्या नाकात जागा कमी, खर्चावर नजर, म्हणून तो बेताचाच. एकदा जोर लावला की ठीक, चढावर सलग जोर लावला की तो स्वतः तापतो, ईसीयू ठिणगी मागे ओढतो आणि गाडी थकते. मोठा इंटरकूलर बसवणारा माणूस बूस्टला हातही लावत नाही. तुम्ही कागदावर दिलेली ताकद तिसऱ्या चढावरही मिळावी, एवढंच त्याला हवं असतं. स्पार्क प्लगचंही असंच. बूस्टमध्ये ठिणगीला दाट हवेतून उडी मारावी लागते. गॅप झिजून वाढला की आधी मिसिंग जोर लावतानाच येतं, आणि लोक पेट्रोल पंप बदलत बसतात. गॅप किती ठेवायचा हा आकडा तुम्ही देता, त्याबद्दल आभार. बूस्ट वाढवलेल्या गाडीत तो आणखी कमी लागतो, हे ट्यूनिंग करणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

रिमॅपबद्दल, म्हणजे ईसीयूमधले आकडे बदलण्याबद्दल, माझं मत बहुतेक हौशी लोकांना रुचणार नाही. छोट्या टर्बोचा मॅप बदलून वरच्या आरपीएमला बूस्ट चढवणं हा निरर्थक खटाटोप आहे. तिथे कॉम्प्रेसर आधीच त्याच्या क्षमतेच्या कडेला असतो, जास्त दाब मागितला की तो जास्त गरम हवा देतो आणि शाफ्टचा वेग मर्यादेबाहेर जातो. खालच्या आरपीएमला टॉर्क चढवणं त्याहून घातक. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेग आणि जास्त भार असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो. एखादाच असा स्फोट पिस्टनच्या रिंगांमधली कड फोडायला पुरतो. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे ही प्रवृत्ती वाढते हे कळल्यावर तेलांची सूत्रं बदलली. अमेरिकेच्या एपीआय या संस्थेचं एसएन प्लस हे मानांकन २०१८ मध्ये आणि एसपी २०२० मध्ये आलं, ते मुख्यतः यासाठी. घरच्या माणसाला याचा थेट उपयोग आहे: डब्यावर एसपी बघून तेल घ्या, आणि वरच्या गिअरमध्ये कण्हणाऱ्या इंजिनावर पेडल पूर्ण दाबू नका. पण तुमच्या मॅपमध्ये खालच्या आरपीएमला टॉर्क मुद्दाम कापलेला असतो तो नेमका याच भीतीने, हे तुम्ही कुठे सांगता? तुम्ही सांगत नाही, म्हणून रिमॅप विकणारा सांगतो की कंपनीने ताकद 'दाबून ठेवली' आहे. गिऱ्हाईकाला ते पटतं. गिअरबॉक्स किती टॉर्क पेलतो हा आकडा उघड असता, तर निम्म्या लोकांनी रिमॅपची फाइल विकत घेण्याआधी बेरीज केली असती.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचं, म्हणजे गाडीचे दोष वाचायचं, सॉकेट सक्तीचं झालं ते प्रदूषण मोजायला, पण त्याने घरच्या दुरुस्तीला डोळे दिले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. युरोपीय संघाचा २०१८/८५८ हा नियम सप्टेंबर २०२० पासून लागू आहे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजे असं तो सांगतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या प्रमुखांनी गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायची सूट दिली, त्यात निदान, दुरुस्ती आणि कायद्यात बसणारा बदल हे तिन्ही एकाच वाक्यात आहेत. मी सुरुवातीला म्हटलं ते याहून वेगळं नाही. दुसरीकडे, सायबर सुरक्षेचं कारण देऊन गाड्यांमध्ये गेटवेची, म्हणजे बाहेरच्या स्कॅनरला अडवणारी, कुलपं आली. नोंदणी करा, इंटरनेट जोडा, आमच्या सर्व्हरची परवानगी घ्या, मग कोड पुसा. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशा जादा अटी नियमात बसत नाहीत असा निकाल दिला. चोराची भीती खरी आहे, रेडिओतून ब्रेकपर्यंत कुणी पोहोचू नये हेही मान्य. पण सॉकेटला स्कॅनर लावून समोर बसलेला माणूस गाडीच्या आत बसलेला असतो, आणि त्याला ॲक्च्युएटर नव्याने शिकवायचा असतो, एवढंच.

हे शेवटचं वाक्य जरा उलगडतो. अनेक नव्या गाड्यांत वेस्टगेट विजेच्या मोटरने चालतं. मोटर बदलली की झडप पूर्ण बंद कुठे आणि पूर्ण उघडी कुठे हे ईसीयूला शिकवावं लागतं. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी बूस्टचा मॅप उघडावा लागत नाही, प्रदूषणाच्या एकाही आकड्याला हात लागत नाही. तरीही कित्येक गाड्यांत ते तुमच्याच यंत्राशिवाय होत नाही. म्हणून माझी सूचना अशी की वाचणं आणि लिहिणं वेगळं करा. मॅप लिहायला कुलूप ठेवा, माझी काही हरकत नाही. प्रदूषणाचा कायदा सगळ्यांना आहे, मलाही. पण वाचायला कुलूप नको. बूस्टचं लक्ष्य, वेस्टगेटची जागा, नॉकिंगमुळे प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे ओढली जाते, तेलाचं तापमान, हे कुठल्याही साध्या स्कॅनरवर दिसू द्या. भाग बदलल्यावर शिकवायच्या क्रिया त्याच बाजूला येऊ द्या, त्या लिहिण्याच्या खात्यात घालू नका.

आणि सुटे भाग. टर्बोचा मधला गाभा, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि दोन पंखे असलेलं कार्ट्रिज, वेगळं विका. ते कारखान्यात तोल साधून येतं, घरी कुणी शहाणा माणूस पंख्याचा तोल काढायला बसणार नाही, पण बाहेरची दोन कवचं तीच ठेवून गाभा बदलणं आम्हाला जमतं. कवचं फिरवण्याआधी त्यांच्या कोनाची खूण करून ठेवायची हेही येतं. ॲक्च्युएटर वेगळा विका, पण त्याच्यासोबत वर म्हटलेले दोन आकडे द्या. तेलाची नळी, बँजो बोल्ट आणि त्याचे तांब्याचे वॉशर एका पुडक्यात द्या, म्हणजे कुणी जुनी नळी पुसून परत बसवणार नाही.

पुढच्या इंजिनाची सर्व्हिसची माहिती तयार होईल तेव्हा तिच्यातलं एकच पान मालकासाठी मोकळं सोडा. त्यावर आरपीएमनुसार बूस्टचं लक्ष्य, वेस्टगेटचा दाब आणि रॉडची सरक, शाफ्टच्या प्लेच्या दोन मर्यादा, गरम इंजिनात ऑइल प्रेशर, टर्बोच्या नटबोल्टांचे टॉर्क आणि कोणते बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत ती यादी, गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा, एवढं असू द्या. यातलं एकही तुम्हाला नव्याने शोधायचं नाही. हे पान छापायला तुमच्या संस्थेत नेमकी कोणाची सही लागते तेही कळवा, पुढचं पत्र मी थेट त्यांनाच लिहीन.

कळावे,

आपला,
तुमच्याच एका गाडीचा तिसरा मालक